ड्यूक आवडला तर बिघडलं कुठे?

मला रीजन्सी रोमान्स आवडतात. जेवणं उरकली की मोबाइलवर एक प्रकरण, मग अजून एक, आणि बघता बघता बारा वाजतात. ड्यूक गर्विष्ठ, नायिका हजरजबाबी. दोघं भांडतात, नाचतात, पुन्हा भांडतात. शेवट काय होणार हे आधीच माहीत असतं. तरी मजा येते, कारण दोघंही मनापासून आवडतात.

रीजन्सी म्हणजे १८११ ते १८२० हा काळ. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज आजारी होता आणि त्याच्या वतीने मुलगा कारभार बघत होता. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्या याच काळात छापल्या गेल्या. पुढे जॉर्जेट हेयरने १९३५च्या ‘रीजन्सी बक’पासून त्या काळावर करमणुकीच्या कादंबऱ्यांची परंपराच उभी केली. २०२०मध्ये ‘ब्रिजर्टन’ ही वेब सिरीज आली आणि ते नाच, ते झगे आपल्या फोनपर्यंत पोचले.

पण मी शहाद्याची. आमच्याकडे १८१८ या सालाचा अर्थ वेगळा आहे. २१ डिसेंबर १८१७ला महिदपूरच्या लढाईत होळकर हरले. जानेवारीत मंदसोरचा तह झाला आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. फेब्रुवारीत त्यांची फौज तापीकाठच्या थाळनेर किल्ल्यापाशी आली. दरवाज्यात झटापट झाली, इंग्रज अधिकारी मारले गेले. त्यानंतर गढीतल्या सुमारे तीनशे माणसांची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी दिलं गेलं. पुढच्या वर्षी लंडनच्या संसदेत या फाशीवर प्रश्नही उठले. म्हणजे माझा ड्यूक ज्या हिवाळ्यात नाचत होता, त्याच हिवाळ्यात हे घडलं. आणि तो संसदेत बसणाऱ्यांपैकीच एक.

मग तो आवडून घ्यायचा की नाही?

एक उत्तर सोपं आहे: अगं, गोष्ट आहे, एवढं काय मनावर घेतेस? दुसरंही सोपंच आहे: ही सगळी साम्राज्याची जाहिरात आहे, वाचूच नकोस. मला दोन्ही पटत नाहीत. कारण नायक आपल्याला का आवडतो, हे दोन्हीकडे कुणी विचारतच नाही.

त्या काळच्या इंग्लंडात लग्न झालं की बायकोची मिळकत कायद्यानेच नवऱ्याच्या हातात जायची. हा कायदा बदलायला १८७० आणि १८८२ साल उजाडावं लागलं. त्यामुळे कादंबरीतला ड्यूक नायिकेला ‘तुला काय हवंय?’ असं विचारतो तेव्हा त्याच्यावर कुणाची सक्ती नसते. तिचं न ऐकण्याची पूर्ण मुभा असूनही तो ऐकतो. ती नाही म्हणाली तर मागे सरतो, चुकला तर माफी मागतो. आपल्याला तो आवडतो तो वाड्यासाठी नाही. जबरदस्ती करता येत असूनही तो ती करत नाही, म्हणून आवडतो. हे आवडणं खोटं नाही. लग्न ठरवताना आपल्यापैकी किती मुलींना ‘तुला काय हवंय’ हा प्रश्न मनापासून विचारला जातो? त्या प्रश्नाची भूक खरी आहे आणि कादंबरी ती ओळखते.

अडचण आहे ती फक्त किती जणांपर्यंत हा चांगुलपणा पोचतो याची. ड्यूक बायकोशी, बहिणींशी, फार तर गाडीवानाशी चांगला वागतो. कादंबरीची चौकट तिथे संपते. थाळनेरचा माणूस त्या चौकटीत येतच नाही, म्हणून त्याच्याशी चांगलं वागायचा प्रश्नही येत नाही.

आणि ही चौकट फक्त इंग्रजांची नाही. लंडनच्या ऑल्मॅक्स सभागृहात कोणाला प्रवेश द्यायचा हे बड्या घरच्या बायका ठरवायच्या. वर्षाचं उत्पन्न बघून तिथे सोयरिकी जुळायच्या. तो उघड लग्नाचा बाजार होता, आणि आपण त्याला रोमान्स म्हणतो. इकडे होळीआधी धडगावला भोंगऱ्या बाजार भरतो. लोक होळीसाठी डाळ्या, गूळ, हार-कंगन घेतात, ढोल वाजतात, पाहुणे भेटतात. बाहेरचे बातमीदार मात्र वर्षानुवर्षं त्याला पोरी पळवून नेण्याचा बाजार म्हणत आले. हा होळीचा बाजार आहे, असं आदिवासी संघटना पुन्हा पुन्हा सांगतात. ड्यूकला मन मिळतं, संकोच मिळतो, रात्रीची झोप उडवणारी शंका मिळते. धडगावच्या पोराला मिळतो एक फोटो आणि खाली ‘प्रथा’ हा शब्द.

म्हणून मी ड्यूकला सोडलेला नाही. त्याच्याकडून शिकलेली मोजपट्टी मात्र पुस्तकाबाहेर आणली आहे. ज्याच्या हातात ताकद आहे, तो समोरच्याला काय हवं ते विचारतो का? समोरच्याला नाही म्हणता येतं का? हे मी नवरदेवाबद्दल विचारते, मालकाबद्दल विचारते, जंगलाची जमीन मोजायला आलेल्या साहेबाबद्दलही विचारते. तुम्हीही विचारून बघा. आणि तुमच्यातल्या कुणाला लिहिता येत असेल, तर सातपुड्यातली दोन माणसं घ्या. हट्टी, बोलकी, चुकणारी. त्यांना भांडू द्या, भोंगऱ्यात नाचू द्या, एकमेकांना प्रश्न विचारू द्या. चारशे पानं झाली तरी चालतील.