मानेमागची सही

जेकब शिक नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९३१ साली विजेचा वस्तरा बाजारात आणला, तेव्हापासून पुरुष स्वावलंबी होत चालला आहे. आता तर एकाच पेटीत दाढी, मिशी, डोकं, नाक, कान अशी सगळी खाती! घेताना बॅटरी किती चालते, पाती धुता येतात का, एवढं पाहिलं की झालं.

प्रश्न उरतो मानेचा. बँकेत आपलं व्हाउचर आपणच पास करायचं नसतं. मानेमागच्या केसांचंही तेच. तिथे सौ.ची सही लागते.

मग माणसाने पूर्ण स्वावलंबी व्हावं का? मला विचाराल तर, नको. मान सोपवायची म्हणजे आधी भांडण मिटवावं लागतं. आमच्या घरातला अबोला किती दिवसांचा, हे माझ्या मागच्या टेबलावरच्या अकाउंटंटला अचूक कळतं!