कुसळ काढणारा हात

खळ्यावर मळणी चालू असतां डोळ्यांत कुसळ गेलें म्हणजे काय होतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. तें आपलें आपल्याला काढतां येत नाहीं. हात कोणाचा स्थिर आहे, नजर कोणाची स्वच्छ आहे, हें पाहून मनुष्य त्याच्यापुढें आपला डोळा उघडून धरतो. प्रभु येशूनें डोंगरावरील प्रवचनांत, परदोषांविषयीं बोलतांना, हाच दाखला घेतला. तो ऐकून आपण मुसळाला हसतों व घरीं जातों. परंतु दाखल्याचा शेवट पुष्कळांच्या ध्यानांत राहात नाहीं. भावाचें कुसळ तसेंच राहूं द्यावें, असें प्रभूचें म्हणणें नाहीं. आधीं आपलें मुसळ निघावें, म्हणजे त्याचें कुसळ काढण्यापुरती दृष्टि येईल, असा तो क्रम आहे.

आपल्या भाषेंत चावडीवर बसून शेजाऱ्याचे दोष काढणें निराळें, आणि त्याच्या डोळ्यांतलें कुसळ काढणें निराळें. पहिल्या कामाला शेजारी समोर नसला तरी चालतें. किंबहुना नसलेलाच बरा. दुसऱ्या कामाला त्याच्या इतकें जवळ जावें लागतें कीं, त्याचा श्वास आपल्या तोंडाला लागतो. मत्तयाच्या 18व्या अध्यायांत अपराध्याकडे प्रथम एकट्यानें जाण्याची आज्ञा आहे. मग एकदोघे साक्षी, आणि शेवटीं मंडळी. आमच्या खेड्यांत हा क्रम उलटा चालतो. गोष्ट आधीं पाणवठ्यावर जाते, मग पंचांत, आणि ज्याची ती असते त्याला सर्वांच्या मागून कळते. तोंवर त्याचें प्रभुभोजनास येणेंही बंद झालेलें असतें. ख्रिस्ती झाले म्हणून ज्यांच्या वाडवडिलांना गांवानें वाळींत टाकिलें, त्यांनीं तीच रीत मंडळींत चालवावी, हें आश्चर्य नव्हे काय? महाराष्ट्रांत तर 2016 सालच्या कायद्यानें सामाजिक बहिष्कार हा गुन्हाच ठरविला आहे.

तथापि क्षमा म्हणजे अपराध लहान मानणें, असें कोणी समजूं नये. त्याच अध्यायांतील निर्दय दासाचा हिशेब एकदा मांडून पाहावा. एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. सुमारें 6,000 दिनारांचा एक तालांत. दासाचें राजाला देणें 10,000 तालांत, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षांतून 300 दिवस काम मिळालें, तरी दोन लाख वर्षें राबावें लागेल! तें सर्व राजानें सोडिलें. त्या दासाचें सोबत्याकडून येणें होतें 100 दिनार. ही रक्कम उपदेशांत नेहमीं क्षुल्लक म्हणून सांगण्यांत येते. आम्हांस तें पटत नाहीं. 100 दिवसांची मजुरी बुडाली तर घरची चूल कशी चालते, हें उपदेशकानें मंडळीतल्या एखाद्या मजूर बाईस विचारावें. नुकसान खरें आहे, आणि तें सोडणें जड जातें. सोडावयाचें तें इतक्याचसाठीं कीं, सोडणारा स्वतः दोन लाख वर्षांच्या देण्यांतून सुटलेला आहे.

ओडिशांत कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ग्रॅहॅम स्टेन्स यांस, दोन लहान मुलांसह, 1999 सालच्या जानेवारींत मनोहरपूर गांवीं, गाडींत झोपले असतां, जमावानें जाळून मारिलें. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनीं मारणाऱ्यांस क्षमा केल्याचें जाहीर केलें, आणि पुढें कित्येक वर्षें तेथेंच राहून कुष्ठरोग्यांचें काम चालविलें. इकडे खटलाही चालला. मुख्य आरोपीस 2003 सालीं फांशीची शिक्षा झाली. 2005 सालीं उच्च न्यायालयानें तिच्या जागीं जन्मठेप दिली, व 2011 सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली. बाईंची क्षमा न्यायालयाच्या आड आली नाहीं, आणि निकालाची वाट पाहात ती थांबलीही नाहीं. पुरावा पाहून शिक्षा देणें हें न्यायाधीशाचें काम. अंतःकरणांत रोज नवा खटला उभा करण्यास मात्र कोणीं आपल्याला नेमिलेलें नाहीं.

येथें उपदेशकबंधूंस एक गोष्ट स्पष्ट सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. क्षमेचा उपदेश बहुधा दुबळ्यालाच कां होतो? दिरानें विधवेची जमीन बळकाविली, तर "बाई, क्षमा कर, तूं ख्रिस्ती आहेस," असें तिला सांगावयास चार जण येतात; जमीन परत कर म्हणून दिराला सांगावयास एकही जात नाहीं. जक्कयानें फसवून घेतलेलें चौपट परत देण्याचें कबूल केलें, तें त्या वेळीं कोणास आठवत नाहीं. ज्याचें गेलें त्याच्या हातीं क्षमा आहे. ज्याचें कांहींच गेलें नाहीं, त्यानें दुसऱ्याच्या वतीनें ती वाटूं नये. ती बाई दिराला मनापासून क्षमा करील, आणि त्याच आठवड्यांत तहसील कचेरींत अर्ज द्यावयासही जाईल. या दोहोंत कांहीं विरोध नाहीं. तालुक्याच्या गांवीं जावयास तिला सोबत पाहिजे असेल, तर उपदेशकानें जावें. जातांना वाटेंत दिराचें घर लागेल; तेथेंही त्यानें थांबावें, आणि एकट्यानेंच आंत जावें.