अन्नदान, अट आणि चर्चची धान्यकोठी

चर्चने चालवलेल्या धान्यकोठीत स्वयंसेवक म्हणून राबणे ख्रिस्ती परंपरेत नुसता परोपकार नाही, तो उपासनेचा भाग मानला जातो. मात्र या सेवेपुढे एक जुना प्रश्न उभा असतो: धर्मसंस्थेचे अन्न घेणारा मोकळा राहतो की बांधला जातो? नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यात या प्रश्नाला विशेष धार आहे.

बायबलमधला आधार पाहू. लेवीयच्या नियमांनुसार शेतकऱ्याने शेताच्या कडा कापायच्या नाहीत आणि सरवा वेचायचा नाही. तो गरिबाचा व परक्याचा. मवाबातून आलेली रूथ अशाच सरव्यावर सासूला जगवते. म्हणजे हे धान्य मेहेरबानीचे नसून हक्काचे आहे. मत्तयाच्या २५व्या अध्यायात भुकेल्याला दिलेला घास प्रत्यक्ष ख्रिस्ताला पोचतो. त्यामुळे ख्रिस्ताची जागा वाढणाऱ्याची नाही, घेणाऱ्याची आहे. प्रेषितांच्या कृत्यांत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते, अशी तक्रार येते. यरुशलेमची मंडळी त्यावर केवळ प्रार्थना करून थांबत नाही. वाटपासाठी सात माणसे निवडते. नीट वाटप करणे हे तेव्हापासून मंडळीचे पद ठरले. करिंथच्या मंडळीत सामुदायिक भोजनात काहींची चंगळ होई आणि काही उपाशी राहत. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना असे लाजवणे पौलाने प्रभुभोजनाचाच अपमान ठरवले.

भारतात हा प्रश्न दुष्काळांनी कसाला लावला. १८७६ ते ७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत मिशनांनी अन्नछत्रे व अनाथाश्रम चालवले; पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांत व गुजरातेतून दुष्काळग्रस्त मुली आणून केडगावला सांभाळल्या. त्याच काळात ‘पोटासाठी बाटले’ हा ठपकाही रूढ झाला. तेलुगू प्रांतात ओंगोलचे मिशनरी जॉन क्लाऊ यांनी बकिंगहॅम कालव्याच्या कामावर दुष्काळग्रस्तांना मजुरी मिळवून दिली आणि मदत चालू असेपर्यंत बाप्तिस्मे थांबवले. मदतकार्य संपल्यावर, जुलै १८७८मध्ये, एकाच दिवशी २,२२२ जणांनी बाप्तिस्मा घेतला. टीकाकारांना त्यात भुकेचा परिणाम दिसला, समर्थकांना श्रद्धेची कसोटी. पण मदत आणि दीक्षा यांत अंतर हवे, हे तत्त्व खुद्द मिशनऱ्याने मान्य केले होते, एवढे निश्चित.

१९९८मध्ये धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांनी काम केले; नवापूर तालुक्यात ख्रिस्ती मंडळ्या आहेत आणि चिंचपाड्याला ख्रिश्चन हॉस्पिटल आहे. याच भागात धान्याचा दुसरा इतिहासही आहे. पावसाळ्यात घरातले दाणे संपले की आदिवासी कुटुंब सावकाराकडून धान्य उचली आणि सुगीला ते वाढीव मापाने फेडी. कर्ज फिटेना, मग जमीन जाई किंवा सालदारकी नशिबी येई. १९७२मध्ये शहाद्याला उभी राहिलेली श्रमिक संघटना आणि अंबरसिंग महाराजांचे नेतृत्व याच अन्यायातून पुढे आले. इथे धान्यावर घातलेली कोणतीही अट, ती धार्मिक असली तरी, सावकारी मापाची आठवण करून देते.

याउलट भूमीच्या स्वतःच्या परंपरेत देणे एकतर्फी नाही. सातपुड्यातल्या ‘लाह’ प्रथेत शेजारी एकमेकांच्या शेतावर राबतात. आज ज्याच्याकडे काम झाले तो उद्या दुसऱ्याकडे जातो. देवमोगऱ्याची याहा मोगी ही अन्नधान्याची देवता मानली जाते. तेव्हा अन्न वाटून खाण्याची शिकवण बाहेरून आणावी लागत नाही. चर्चचा स्वयंसेवक त्या परंपरेत सामील होतो.

‘फूड बँक’ ही आजची संस्था १९६७मध्ये अमेरिकेतील फीनिक्स शहरात सुरू झाली. सूप किचनमध्ये स्वयंसेवा करणाऱ्या जॉन व्हॅन हेंगेल यांनी दुकानांतून टाकून दिले जाणारे अन्न गोळा करण्याची व्यवस्था उभारली आणि सेंट मेरीज पॅरिशने तिला जागा दिली. साठवण व वाटप ही तिची अंगे नंदुरबारलाही लागू पडतात, पण अग्रक्रम वेगळे हवेत. ज्वारी-मका आणि डाळ, म्हणजे घरात रोज शिजते तेच, द्यावे. माप सर्वांसमोर करावे. घेणाऱ्याचा पिशवीसह फोटो काढू नये. वाटपाच्या आधी प्रवचन ठेवू नये आणि नोंदवहीत धर्माचा रकाना नसावा. ज्या बाईने मागच्या महिन्यात धान्य नेले तिला या महिन्यात तराजूपाशी बसता यावे, म्हणजे देणारा आणि घेणारा ही वाटणी पक्की होत नाही.

यावर आक्षेप असा की, श्रद्धा सांगितलीच नाही तर सेवेला ख्रिस्ती का म्हणावे? उत्तर असे की, श्रद्धा विचारणाऱ्याला सांगता येते. भुकेल्याला ऐकायला लावता येत नाही. श्रद्धेला संमती लागते, आणि रिकाम्या पोटी दिलेली संमती मोकळी नसते.

शेवटी धर्मादायाची मर्यादाही मानली पाहिजे. २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला आहे. रेशनकार्ड नसलेल्या किंवा ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेल्या कुटुंबाचा हक्क सुटत असेल, तर त्याच्या अर्जासाठी तहसील कचेरीत खेटे घालणे हीदेखील धान्यकोठीचीच सेवा आहे. लेवीयच्या नियमाने सरव्यावर गरिबाचा हक्क मानला होता. त्याच न्यायाने रेशनचे धान्य त्याच्या घरी पोचवणे हे या सेवेचे ध्येय ठरते.