मैत्रिणींतील ताई

खामगावाहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर चिखली हे तालुक्याचे गाव आहे. अशा गावी आसपासच्या खेड्यांतून मुली एस. टी.ने शिकावयास येतात. ग्रामीण भागातील शाळकरी मुलींस अहिल्याबाई होळकर योजनेखाली प्रवासाचा पासही मोफत मिळतो. या मुलींच्या घोळक्यात बहुधा एक 'ताई' असते. वयाने ती इतरांहून चार-सहा महिन्यांनी मोठी असेल, कदाचित नसेलही. परंतु गाडी चुकू नये म्हणून सर्वांना हाका मारणारी तीच, डबा विसरलेल्या मैत्रिणीस आपली अर्धी भाकरी देणारी तीच, आणि दहावीच्या गणितास भिऊन रडणाऱ्या मुलीपाशी बसणारीही तीच. हे पद तिला कोणी दिले? आणि ज्यांनी ते दिले, त्यांचे तिजसंबंधी काही कर्तव्य आहे काय?

वडीलपण वयावर अवलंबून नसते, हे महाराष्ट्रास नव्याने सांगावयास नको. बुलढाणा जिल्ह्याला लागून जळगाव जिल्ह्यात मुक्ताईनगर आहे. जिच्या नावाने ते ओळखले जाते, ती मुक्ताबाई चार भावंडांत सर्वांत धाकटी. तथापि खिन्न होऊन ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवांची समजूत तिनेच काढली, असे परंपरा सांगते. 'ताटीचे अभंग' ते हेच. चौदाशे वर्षे जगल्याची ज्याची ख्याती, तो चांगदेवही या मुलीचा शिष्य झाला. ज्याला दुसऱ्याचे दुःख आधी दिसते, तो त्या घटकेपुरता वडील होय.

मग कोणी म्हणेल, की सख्ख्या बहिणीची माया जन्माने येते, मैत्रिणीची आपखुशीने. म्हणून ही दुसरी श्रेष्ठ. आम्हांस हे अर्धेच खरे वाटते. धाकट्या भावंडांना सांभाळणे, पाणी भरणे, आल्यागेल्याचे पाहणे ही मुलीचीच कामे, असे ज्या घरात ठरून गेलेले असते, तेथील मुलगी शाळेतही तेच करू लागते. त्यात खुशी किती व सवय किती, हे तिचे तिलाही सांगता येणार नाही. 'तू किती समजूतदार!' ही स्तुती तर तिला बांधूनच टाकते. कारण समजूतदार ठरलेल्या मुलीस हट्ट करण्याची, चुकण्याची किंवा रडण्याची सोय राहत नाही.

ॲरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले: उपयोगासाठी केलेली, सुखासाठी केलेली आणि परस्परांच्या चांगुलपणावर उभी असलेली. ताईभोवती जमलेल्या मैत्रिणींनी आपली मैत्री यांपैकी कोणती, हे एकदा पडताळून पाहावे. ताई आजारी पडून आठ दिवस शाळेत आली नाही, तर आपणांस कशाची उणीव भासते: तिची, की तिने सोडवून दिलेल्या गणितांची?

स्नेहात हिशेब कसला, असा आक्षेप येथे येईल. तो रास्त आहे. पण भाकरीस भाकरी परत द्या, असे आमचे म्हणणेच नाही. देणारीलाही भूक लागते, एवढे ध्यानात ठेवा, इतकेच आम्ही म्हणतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कॅरोल गिलिगन यांनी 1982 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असा विचार मांडला, की आत्मत्यागालाच चांगुलपणा मानणे ही काळजी घेणाऱ्या स्त्रीच्या नैतिक वाढीतील मधली पायरी होय. पुढच्या पायरीवर ती आपणा स्वतःसही त्या काळजीच्या कक्षेत घेते. परंतु पंधरा वर्षांच्या मुलीस ही पायरी एकटीने चढवत नाही. तिला कोणीतरी हात द्यावा लागतो.

तो हात मैत्रिणींनीच दिला पाहिजे. एखाद्या दिवशी गाडीतील जागा तिच्यासाठी धरावी. 'तुझा अभ्यास झाला का?' हा तिचा नेहमीचा प्रश्न तिलाच विचारावा, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. आईबापांनीही समजूतदार लेकीचे कौतुक करताना तिच्या हातातले एखादे काम काढून घ्यावे. ताईपण हे पाळीपाळीने वाहावयाचे ओझे आहे. ते एकीच्याच खांद्यावर ठेवून तिला थोर म्हणणे सोपे असते. पण त्यास मैत्री म्हणता येणार नाही.