बावट्याचा मान

ऑगस्टचा महिना उजाडला की भाईंदर पश्चिमेच्या टोकाला, उत्तन, पाली आणि चौकच्या किनाऱ्यावर रंगांची दाटी होते. जून आणि जुलै या दोन महिन्यांची मासेमारीबंदी संपलेली असते. डागडुजी होऊन नवा रंग ल्यालेल्या बोटी पाण्यात उतरू लागतात. धर्मगुरू येतात, प्रार्थना होते, बोटींवर पवित्र पाणी शिंपडले जाते. डोलकाठीपासून नाळेपर्यंत दोऱ्या ताणून त्यांवर पताका बांधलेल्या असतात. त्यांत सणाच्या पताका असतात, क्रुसाचे चिन्ह असलेले झेंडे असतात आणि स्वातंत्र्यदिन जवळ आल्यामुळे तिरंगाही असतो. वारा सगळ्यांना सारखेच फडकवितो.

अशाच एका सकाळी धक्क्यावर उभे असता आम्ही एक छोटासा प्रसंग पाहिला. एका तरुणाने हौसेने एकाच काठीवर दोन झेंडे चढविले होते. वर क्रुसाची पताका, खाली तिरंगा. जवळ उभ्या असलेल्या कोणी हटकले, ‘राष्ट्रध्वज खाली कसा?’ तरुण उसळून म्हणाला, ‘मग देव खाली ठेवू काय?’ शब्दाने शब्द वाढणार, इतक्यात त्याचे वृद्ध आजोबा पुढे आले. आयुष्यभर तांडेलकी केलेला तो माणूस. त्यांनी शांतपणे दोन्ही झेंडे उतरविले आणि म्हणाले, ‘बाळा, आणखी एक काठी आण. एका काठीवर बसवून दोघांना कशाला भांडवतोस?’ तिरंगा मागच्या उंच काठीला गेला, सणाची पताका पुढे नाळेवर आली, आणि वाद तिथेच मिटला.

वाद मिटला, प्रश्न मात्र आमच्या मनात राहिला. कापडाच्या एका तुकड्याला मान द्यायचा म्हणजे नेमका कोणाला मान द्यायचा? आणि देवाला एकमेव मानणाऱ्या श्रद्धावंताने तो किती द्यायचा?

दर्यावर जगणाऱ्या माणसाला बावटा ही केवळ शोभेची वस्तू नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. बंदरात तीन नंबरचा बावटा लागला असे कानी आले की किनाऱ्यावरच्या घरांतून काळजीची लहर जाते. अजून न परतलेल्यांसाठी रोझरीची माळ हाती घेतली जाते. समुद्रावर हाक पोचत नाही, तेथे बावटा बोलतो. म्हणून जगभरच्या दर्यावर्दींनी बावट्यांची एक भाषा आणि त्या भाषेचे शिष्टाचार घडविले.

इंग्लंडमध्ये हौसेखातर शिडाच्या बोटी हाकणाऱ्यांनी हे शिष्टाचार फार निगुतीने जपले आहेत. देशाचा बावटा बोटीच्या मागच्या बाजूला, मानाच्या जागी लावायचा. सकाळी आठला, हिवाळ्यात नऊला चढवायचा आणि सूर्यास्ताला उतरवायचा. परक्या देशाच्या बंदरात शिरताना त्या देशाचा छोटा बावटा डोलकाठीच्या उजव्या बाजूला चढवायचा आणि त्या दोरीवर त्याच्या वर दुसरे काही लावायचे नाही. पाहुण्याने उंबरठ्यावर चपला काढाव्यात, तसा हा प्रकार. पिवळा बावटा एकेकाळी रोगाच्या भयाशी जोडलेला होता. आज त्याचा अर्थ ‘आमच्या बोटीवर सारे निरोगी आहेत, आत येण्याची परवानगी असावी’ असा आहे.

यांतील एक रीत आम्हांस विशेष भावते. युद्धनौका समोरून जाऊ लागली की छोटी बोट आपला बावटा हळूच थोडा खाली आणते आणि थांबून राहते. मग ती अजस्र युद्धनौकाही आपला बावटा क्षणभर खाली आणून पुन्हा चढविते, आणि त्यानंतर छोटी बोट आपला बावटा वर नेते. लहानाने वंदन केले तर थोराने उत्तर द्यायचे असते. ज्याला उत्तर मिळत नाही, तो मान हळूहळू मुजरा होऊन बसतो.

आमच्या परिसराच्या इतिहासातही याचा एक दाखला आहे. खाडीच्या पलीकडे वसईचा किल्ला दिसतो. मे १७३९ मध्ये दीर्घ आणि रक्तरंजित वेढ्यानंतर तो चिमाजी आप्पांच्या हाती आला. मराठ्यांचीही हजारो माणसे त्यात कामी आली होती. तरीही तहाच्या कलमांनुसार पोर्तुगीज शिबंदीला हाती शस्त्रे घेऊन, नगारे वाजवीत आणि निशाणे फडकवीत बाहेर पडू देण्यात आले. पराभूताचे निशाण तुडविण्याची सत्ता हाती असताना ते उंच धरून जाऊ देणे, याला मनाचा मोठेपणा लागतो. आमच्या पूर्वजांच्या धर्मजीवनाशी गुंतलेली एक राजवट त्या दिवशी या भागातून गेली. तिचे बरेवाईट आम्ही जाणतो. पण जेत्याने दाखविलेली ही सभ्यताही आम्ही विसरू नये.

उलट बाजूचा दाखला मुंबईतच आहे. अपोलो बंदरावर १८४६ साली स्थापन झालेला रॉयल बॉम्बे यॉट क्लब आहे. निशाणांचा शिष्टाचार हा अशा क्लबांचा प्राण. परंतु ज्या भूमीच्या किनाऱ्यावर तो उभा राहिला, त्या भूमीच्या लेकरांना सदस्यत्वाचे दार कित्येक दशके बंद होते. बावट्याला सूर्यास्ताचा क्षण चुकू द्यायचा नाही आणि माणसाला मात्र उंबरठा ओलांडू द्यायचा नाही! कापडाची अदब आणि माणसाची बेअदबी एकाच छपराखाली सुखाने नांदू शकतात, हे यावरून दिसते. ही गोष्ट फक्त इंग्रजांची आहे, असे मानण्याची चूक मात्र आम्ही करणार नाही.

आता आमच्या तिरंग्याकडे वळू. एक काळ असा होता की सामान्य नागरिकाला ठरावीक राष्ट्रीय दिवस सोडून आपल्या घरावर तो लावण्याची मुभा नव्हती. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली नवीन जिंदाल यांच्या प्रकरणात, आदरपूर्वक ध्वज फडकविणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क मानला. हक्काबरोबर कर्तव्ये आली. फाटका किंवा मळका ध्वज लावू नये. एकाच काठीवर तिरंग्यासोबत दुसरा झेंडा नसावा. दुसरा कोणताही झेंडा त्याच्याहून उंच किंवा अगदी बरोबरीने नसावा. बोटीच्या टपावर किंवा बाजूंवर तो आच्छादनासारखा पसरू नये. जीर्ण झालेला ध्वज खाजगी रीतीने, त्याचा मान राखून, शक्यतो जाळून संपूर्ण नष्ट करावा. आमच्या वृद्ध तांडेलाने ही संहिता वाचली असेल असे वाटत नाही; पण तिचा गाभा त्याला ठाऊक होता.

तरीही त्या तरुणाचा सवाल उरतोच. क्रूस खाली आणि ध्वज वर, हे श्रद्धेला कसे रुचावे? आम्हांस वाटते, हा प्रश्न उंचीच्या चुकीच्या कल्पनेतून उपजतो. त्याच बोटीच्या नाळेवर पांढऱ्या रंगाने एक क्रूस रेखाटलेला होता. तो सर्व झेंड्यांच्या खाली, लाटांच्या अगदी जवळ होता. प्रत्येक लाट प्रथम त्याच्यावर आदळणार. त्यामुळे तो लहान झाला असे कोणालाही वाटले नाही. शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभूचा मान काठीच्या लांबीने मोजायचा नसतो. कैसराचे कैसराला आणि देवाचे देवाला द्या, असे त्याने सांगितले, तेव्हा त्याने दोघांना एका काठीवर चढविले नाही. अमेरिकेतील ख्रिस्तसभेच्या मृतसंस्कारविधीत एक सुंदर नियम आहे. शवपेटीवर राष्ट्रध्वज असेल तर तो चर्चच्या दारात काढला जातो, आणि मिस्सा आटोपून बाहेर पडताना पुन्हा घातला जाऊ शकतो. यात ध्वजाचा अवमान नाही. प्रत्येक मानाला त्याची जागा आणि त्याची वेळ आहे, एवढेच त्यातून सांगितले जाते.

मूर्ती आणि प्रतिमा यांविषयी ख्रिस्तसभेत मोठा वाद माजला असता, ७८७ साली निकेआच्या दुसऱ्या परिषदेने सांगितले की प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेपाशी थांबत नाही. ती ज्याची आहे, त्याच्यापर्यंत तो पोचतो. आराधना केवळ देवाची, प्रतिमेला मान. ध्वजालाही हीच कसोटी लावता येईल. तिरंग्याला दिलेला मान कापडापाशी थांबत नाही. तो ज्यांचा ध्वज आहे त्या सर्वांपर्यंत, शेजाऱ्यापर्यंत, परजातीच्या आणि परधर्माच्या माणसापर्यंत गेला पाहिजे. जो ध्वजाला वंदन करतो आणि शेजाऱ्याला तुच्छ लेखतो, त्याचे वंदन वाटेतच अडकून पडते. आणि जो ध्वजाचीच आराधना मागतो, तो देवाचे काहीतरी मागत असतो. ते देणे आमच्या हाती नाही.

याच प्रकाशात आणखी एका हळव्या विषयाला आम्ही स्पर्श करू. भारतीय नौदलाच्या निशाणावर १९५० पासून संत जॉर्जचा तांबडा क्रूस होता. २००१ साली तो काढला. नव्या निशाणावरील निळे चिन्ह आकाशात आणि समुद्रात मिसळून जाते, अशा तक्रारीमुळे २००४ साली परत आला. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला विक्रांत नौका नौदलात दाखल झाली, तेव्हा तो पुन्हा गेला, आणि त्या जागी छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून प्रेरणा घेतलेले अष्टकोनी चिन्ह आले. आपला क्रूस पुसला गेला, असा सल काहींच्या मनात आहे. तो आम्ही समजू शकतो. परंतु त्यात सहभागी होऊ शकत नाही. तो क्रूस आमच्या भूमीवर प्रार्थनेसाठी आला नव्हता. तो इंग्रजांच्या आरमाराबरोबर, तोफांच्या सावलीत आला होता. आणि ज्या महाराजांनी या किनाऱ्याला आरमार दिले, ते आम्हां किनाऱ्यावरच्यांना परके नाहीत. आमचा क्रूस नाळेवर आहे, कपाळावर आहे, घराच्या उंबरठ्यावर आहे. तो आदेशाने आला नाही आणि आदेशाने जाणारही नाही.

वाचकहो, सण संपले की थोड्याच दिवसांत पताकांच्या चिंध्या होतात. काही खाडीच्या चिखलात रुततात. एखादा फाटका तिरंगा विसरल्यासारखा डोलकाठीवर महिनोन्‌महिने लोंबत राहतो. लावताना जी हौस होती, ती उतरविताना कोठे गेली, असा प्रश्न आम्ही स्वतःसही विचारतो, कारण अशा पताका आम्हीही बांधल्या आहेत आणि विसरलोही आहोत. यंदा सणानंतर एका संध्याकाळी मुलाबाळांना घेऊन धक्क्यावर जाऊ. जे जीर्ण झाले ते अदबीने उतरवू, घडी करू, आणि मुलांना सांगू की मान ज्याने चढविला, त्यानेच तो उतरवायचाही असतो. तो वृद्ध तांडेल तिथे असला तर तो काही बोलणार नाही. बहुधा तो न सांगता दोरीची गाठ सोडू लागेल.