मंगळवारची सुट्टी

ताडोबाची सफारी मंगळवारी बंद असते. जोडून आलेल्या रजेत नेमका तोच वार पडला की माणसं हळहळतात. मला मात्र हा नियम फार सभ्य वाटतो. आठवड्यातून एक दिवस जंगलाला आपल्या नजरेपासून सुट्टी.

उरलेल्या सहा दिवसांत काय चालतं, हे जिप्सीत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. समोरून गाडी आली की दोन्ही चालक वेग कमी करतात आणि प्रश्न एकच असतो, ‘साइटिंग?’ चितळांचा कळप, रानगवे, मोहाच्या झाडावर चढणारं अस्वल, यातलं काही त्या प्रश्नात मावत नाही. वाघ दिसला नाही तर घरी येऊन आपण सांगतो, काहीच दिसलं नाही.

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात एक वाघीण पाच बछड्यांसह रस्त्यावर आली आणि सफारीच्या गाड्यांनी तिला घेरलं. चित्रफीत सगळीकडे फिरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाइड निलंबित झाले. कारवाई योग्यच होती. पण गाड्या पुढे सरकल्या त्या कुणासाठी?

या प्रश्नाशी मी अडखळतो. विदर्भातल्याच एका जंगलात, एप्रिलच्या दुपारी, पाणवठ्यापाशी मी म्हणालो होतो, “दादा, अजून थोडं पुढे घ्या ना.” गाडी आणि प्राणी यांच्यात किमान २० मीटर, दोन गाड्यांत ५० मीटर अंतर हवं, असं राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. चालकाला ते पाठ होतं. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. बक्षिसी माझ्या खिशात होती, आणि पावसाळ्यात जंगल मिटलं की त्याची कमाई थांबणार होती. गाडी सरकली. उन्हाने कावून पाण्यात बसलेली वाघीण उठली आणि वाळलेल्या गवतात निघून गेली. तिचा फोटो माझ्याकडे आहे, पाठमोरा. नोंद कुठे झालीच असती तर त्या चालकाच्या नावावर झाली असती.

गर्दीमुळे गाभाऱ्यापर्यंत न पोचलेला वारकरी पंढरपुरात कळसाला हात जोडतो आणि भरल्या मनाने माघारी फिरतो. दर्शन राहून गेलं, असं त्याला वाटत नाही. जंगलातही असे कळस पुष्कळ आहेत. वानराचं खेकसणं, सांबराचा एकच भरदार कॉल, त्यानंतर गाडीतल्या सगळ्यांनी रोखलेला श्वास. शिवाय ताडोबा हे नाव ज्या तारूवरून पडलं, तो गोंडांचा तारू वाघाशी झुंजताना पडला अशी कथा आहे. तलावाच्या काठी त्याचं ठाणं आहे आणि पौषात तिथे जत्रा भरते. वाघाने माणूस नेला, तरी त्या लोकांनी वाघाशी शेजार मोडला नाही. आपण तर तिथे सकाळचे चार-पाच तास पाहुणे.

एकदा बुधवारी पहाटेच्या पहिल्या गाडीत जागा मिळाली. वळणावर गाइडने हात वर केला, गाडी थांबली. सोमवारच्या टायरच्या खुणा पुसून टाकत धुळीत एक लांबरुंद खळगा उमटला होता, शेपटीच्या रेघेसकट. गाइड हळूच म्हणाला, “काल इथेच लोळली, रस्त्याच्या मधोमध.”