गळका बंब

नरक चतुर्दशीच्या पहाटे ज्या घरात अजून तांब्याचा बंब पेटतो, त्या घरातील मंडळींना अभ्यंगस्नानाचे सुख वेगळे सांगायला नको. पण बंब म्हटला की तो कधी ना कधी गळायचाच. तोटीच्या मुळाशी एक थेंब जमतो, लोंबतो आणि पडतो. घरातले कोणीतरी मुकाट्याने त्याखाली तांब्या सरकवते आणि आपल्या कामाला लागते. हा तांब्या सरकवणारा हात मला पुष्कळ दिवस विचारात पाडीत आला आहे. गळती सोसणे हा माणसाचा गुण म्हणावा की दोष?

आपल्याकडे सोशिकपणाची थोरवी फार, आणि ती उगीच नाही. संसारात एवढे सांधे असतात की प्रत्येक थेंबासाठी कारागीर बोलावू लागलो तर जेवायला सवड मिळणार नाही. शिवाय तांब्यात पडलेले पाणी वाया जात नाही. ते तुळशीला जाते, नाहीतर पाय धुवायला होते. जो थेंब काल एवढा होता आणि आजही तेवढाच आहे, त्याच्याशी शहाण्याने भांडू नये. आमच्या मळवलीला पावसाळ्यात कौलांतून चार ठिकाणी पाणी ठिबकते. त्यावर दर वेळी घर डोक्यावर घेणारा माणूस इथे एक आषाढही काढू शकणार नाही.

तरीही बंबाची गोष्ट निराळी आहे. कारण तिथे पाण्याशेजारी आग आहे. बंबाच्या पोटातून एक नळकांडे जाते, त्यात जाळ असतो आणि भोवती पाणी. तांबे वितळायला १,०८५ अंश सेल्सियस उष्णता लागते, तेव्हा चुलीच्या लाकडांची त्याला भीती नाही. पण सांध्यावर दुरुस्तीचा जो डाग असतो, तो कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाचा. तो १८३ अंशांच्या पुढे मऊ पडून वितळू लागतो. (त्यातल्या शिशामुळेच अशा बंबाचे पाणी अंघोळीपुरते ठेवावे, पिऊ नये.) मग रोजच्या जाळाने हा डाग जात कसा नाही? तर आत पाणी असते म्हणून. पाणी शंभराच्या वर चढत नाही आणि आपल्याला टेकलेल्या धातूलाही फारसे चढू देत नाही. बंब रिकामा पडला, की कालचाच जाळ, कालचीच लाकडे, पण डाग ओघळून जातो. मॅट्रिकपर्यंतच्या पदार्थविज्ञानाने एवढे समजते. त्यापुढचे समजायला घर लागते. घरातही एखाद्या दिवशी सांधा निखळला म्हणजे आपण म्हणतो, आज फारच भडका उडाला. खरे म्हणजे भडका नेहमीचाच असतो. ओलावा संपलेला असतो, आणि तो कित्येक महिने थेंबाथेंबाने गेलेला असतो.

आमच्या घरचा बंब वडिलांच्या वेळचा आहे. भांड्यांची वाटणी झाली तेव्हा तो तसाच राहिला. कारण दिवाळीला सगळे इथेच जमतात. दोघांचा म्हणून राहिलेला तो बंब लवकरच कोणाचाच नाहीसा झाला. तोटी गळू लागली तेव्हा थोरले बंधू म्हणाले, “मोडीत घाल आणि गिझर बसव. गळायची भानगडच नको.” वहिनी म्हणाल्या, “राहू द्या हो भाऊजी, मी तांब्या ठेवते.” आता, मळवलीकडे द्रुतगती मार्ग झाल्यापासून जमिनीला जो भाव आला आहे, त्याने आमच्याही घरात एक बांध हलवला आहे. त्याविषयी दादा बोलत नव्हते, मी बोलत नव्हतो, आणि वहिनी दोघांच्या मध्ये तांब्या ठेवीत होत्या. तेव्हा प्रश्न तोटीपुरता नव्हता, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

दादांच्या गिझरची बाजू मी टाळणार नाही. धुराने डोळे चोळीत पहाटे लाकडे सारणे ज्यांच्या वाट्याला आले, त्यांना गिझर वरदानच वाटणार. पण गिझर गळत नाही हे खरे नव्हे. पुष्कळ गिझरांच्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीच्या पत्र्याऐवजी ती स्वतः झिजते आणि पत्र्याला वाचवते. ती झिजून संपली की बदलायची असते. आणि बहुतेक घरांत अशी कांडी आहे हेच टाकी गंजून भिंत ओली होईपर्यंत कळत नाही. जी वस्तू आपल्यासाठी मुकाट्याने झिजते तिची चौकशी आपण करीत नाही. माणसांच्या बाबतीत तरी कुठे करतो?

शेवटी मी एका तांबटाला गाठले. त्याला दिवाळीच्या आत काम हवे होते, पण त्याने बंबाला हात लावला नाही. म्हणाला, “गुरुजी, भरल्या बंबाला डाग बसत नाही. आधी रिकामा करा, गार होऊ द्या. मग खरवडून तांबं उघडं करतो, नवसागर लावतो. काजळीवर दिलेला डाग दोन दिवस टिकत नाही.” त्याचे म्हणणे शास्त्राला धरून होते. आत पाणी असले की ते उष्णता ओढून घेते आणि कथील धरतच नाही. जे पाणी डागाला राखते, तेच नवा डाग बसू देत नाही! म्हणून दुरुस्तीची खरी किंमत कारागिराच्या मजुरीत नसते. एक दिवस गार पाण्याने अंघोळ करायची तयारी, ही ती किंमत.

भरलेल्या गोष्टीची दुरुस्ती कशी होत नाही, हे पुणे जिल्ह्याला नव्याने सांगायला नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले. काम पुरे होण्याआधीच ते त्या पावसाळ्यात भरत गेले होते. आदल्या रात्री जवानांनी बांधावर वाळूची पोती रचली. धरण वाचले नाही. पण त्या पोत्यांमुळे फुटणे रात्रीचे दिवसावर गेले आणि कित्येक जीव वाचले, असे जुने पुणेकर कृतज्ञतेने सांगतात. त्या जवानांपुढे मान लवते. मात्र पोती रचण्याची पाळी येणे आणि डाग देणे यांत फरक आहे, तो हाच.

आमच्या स्टेशनापासून भाज्याची लेणी चालण्याच्या अंतरावर आहेत. तिथे खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यापाशी एक लेख आहे: कोसिकीपुत्र महारठी विण्हुदत याने हे टाके, म्हणजे त्यावेळच्या भाषेत ‘पोढी’, दान दिले. दोन हजार वर्षे होत आली, त्याचे नाव राहिले. पण ते टाके वर्षानुवर्षे कामी यायचे तर कोणीतरी दर उन्हाळ्यात आत उतरून गाळ काढलाच असला पाहिजे. त्यांची नावे कोरलेली नाहीत. देणाऱ्याचे नाव राहते, राखणाऱ्याचे राहत नाही, म्हणून राखणे हलके ठरते काय? मला वाटते, पुण्य दोघांचे सारखे; राखणाऱ्याचे थोडे अधिकच, कारण त्याला दर वर्षी उतरावे लागले.

आम्ही बंब भाद्रपदात रिकामा केला. दादा आले होते. सणाची गडबड नव्हती, पाहुणे नव्हते, चूल गार होती. तांबट अंगणात तोटी खरवडीत बसला आणि आम्ही दोघे ओटीवर जमिनीचे कागद पसरून बसलो. सगळे मिटले असे मी म्हणणार नाही. पण हिरवा गंज निघाला, आणि खाली तांबे आहे एवढे दोघांनी पाहिले.

आपल्या भाषेत ‘डाग’ म्हणजे कलंक आणि डाग म्हणजे सांधणारे कथीलही. जुनी माणसे तर अंगावरच्या दागिन्यालाही डागच म्हणतात. तोटीच्या मुळाशी आता एक पांढुरका, ओबडधोबड ठिपका आहे. वहिनी चिंचेने बंब घासतात तेव्हा तेवढा भाग हलक्या हाताने घासतात.